पंख्याची पाठ आणि मावशींचा हात

मावशी घरात आल्या की नमस्कार करायच्या नाहीत. चपला दाराशी काढायच्या, पदराला हात पुसायच्या आणि समोर जो कोणी असेल त्याच्या कपाळाला, गालाला नाहीतर मानेला पालथा हात लावायच्या. लहानमोठं, बाईमाणूस-पुरुषमाणूस असला भेद नव्हता. एकदा पोस्टमन आमच्या दारात पत्रं चाळत उभा होता. मावशींनी मागून त्याच्या मानेला हात लावला आणि म्हणाल्या, "घरी जा बाबा. अंगात कसकस हाय." तो हसला, सायकलवर बसला, आणि पुढे दोन दिवस भिंगारात टपाल वाटायला दुसराच माणूस आला.

"त्वांड खोटं बोलतं, अंग न्हाई," हे त्यांचं नेहमीचं वाक्य.

मुलांनो, परवा तुम्ही तुमच्या नव्या पंख्याचा फोटो पाठवलात. त्याला पाती नाहीत, आवाज नाही, मोटर कुठे बसवली आहे तेही कळत नाही. छान आहे. पण तो पाहून मला मावशी आठवल्या आणि राग आला. पंखा पाहून म्हातारीला राग का यावा, असं तुम्हाला वाटेल. क्रमाने सांगते.

तेव्हा आम्ही भिंगारला राहत होतो. तुमचे आजोबा लष्कराच्या एका कचेरीत होते आणि मी नगरच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. मावशी जुन्या बाजाराच्या मागे एका खोलीत एकट्या राहायच्या. मूळच्या घोडेगावकडच्या. बुटक्या, रुंद, आणि हात असे की तळव्यावरच्या रेघांमध्येसुद्धा तेल मुरलेलं. बाळंतिणीला तेल लावायचं, शेक द्यायचा, बाळाला न्हाऊ घालायचं, हे त्यांचं काम. तुमच्या आईला पहिली आंघोळ त्यांनीच घातली.

त्या शहाण्या होत्या आणि मी अडाणी होते, किंवा उलट, असं काही मला सांगायचं नाही. त्यांच्या कितीतरी समजुती मला तेव्हाही पटत नव्हत्या, आज तर मुळीच पटत नाहीत. माझ्या बाळंतपणात मे महिन्याच्या उकाड्यात त्यांनी माझे कान बांधले, खाटेखाली शेगडी ठेवली आणि माझ्या भावाने दिलेल्या टेबलफॅनला खोलीत मज्जाव केला.

"वारं शिरंल. बाळंतिणीची हाडं उघडी असत्यात."

मी त्यांना हवा, घाम आणि शरीराचं तापमान यांवर चांगलं व्याख्यान दिलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग उठल्या आणि पंख्याचं तोंड भिंतीकडे करून ठेवलं. मी वर्गात दंगेखोर मुलींना उभं करायचे तसं.

"मास्तरीनबाई, तुमचं पुस्तक साहेबाच्या मुलखातलं. तिकडं गारवा असतो. त्यास्नी काय ठावं?"

पंखा भिंतीला वारा घालत राहिला.

आता अण्णांविषयी. अण्णा आमचे शेजारी, कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. घरात ते, त्यांच्या पत्नी काकू आणि सून. मुलगा पुण्याला नोकरीला होता, शनिवारी यायचा. निवृत्त झाल्यावर अण्णांनी एक टेबलफॅन घेतला. काळा, जड, पितळी पात्यांचा. तो बैठकीत त्यांच्या आरामखुर्चीसमोर असायचा. वापरात नसला की त्यावर काकूंनी विणलेलं झाकण यायचं. सून ओट्याशी भाकऱ्या थापत घामाने निथळत असली, तरी त्या पंख्याची मान स्वयंपाकघराकडे वळल्याचं मी पाहिलेलं नाही.

अण्णांची मोटरवर माया होती. पंखा थोडा वेळ चालला की ते उठायचे, मागे जाऊन मोटरच्या पाठीवर तळहात ठेवायचे, डोळे मिटून अंदाज घ्यायचे आणि बटण बंद करायचे. "दमली. तिला जरा टेकू द्या." मग पाहुणे असोत, घामाच्या धारा लागलेल्या असोत, मोटर गार होईपर्यंत सगळ्यांनी बसून राहायचं. तेव्हा पुष्कळ घरांत अशी पद्धत होती. मोटरला विसावा दिला नाही तर ती जळते, असं लोक धरून चालायचे. पण अण्णा त्यापुढे गेले होते. ते वर्तमानपत्राची घडी घेऊन मोटरला वारा घालायचे. पंख्याला वारा घालणारा माणूस मी आयुष्यात तो एकच पाहिला.

मावशी त्यांची थट्टा करायच्या.

"अण्णा, येवढी नाजूक हाय तर द्या माझ्याकडं. तेल लावून देते. उठून पळंल."

"यंत्राला तेल लावून चिकट करायचं का?" अण्णा गंभीरपणे म्हणायचे. "त्याला विश्रांती लागते, तेल नाही."

इथपर्यंत हसण्यासारखं आहे. पुढचं नाही.

दुष्काळाचा उन्हाळा होता. विहिरी आटलेल्या, पाणी टँकरने यायचं, आणि पत्र्याची घरं सकाळपासूनच तापायची. अण्णांची सून बाळंत झाली, मुलगा झाला. पेढे वाटले. सून आतल्या खोलीत. तिथल्या एकुलत्या एका खिडकीवर घोंगडं टांगलेलं, शेगडी पेटलेली, तिचे कान बांधलेले. आणि पलीकडे बैठकीत, एका भिंतीच्या अंतरावर, पंखा अण्णांना वारा घालत होता आणि अण्णा पंख्याला.

ती पोर फार बोलायची नाही. माझ्याकडे कधी वाटीभर साखर मागायला आली तर साखर घेऊन, मान हलवून जायची. लग्न होऊन वर्ष झालं होतं आणि तिचा आवाज मला नीट ठाऊक नव्हता.

मावशी रोज सकाळी तिला तेल लावायला जायच्या. त्या दिवशी मला शाळेला सुट्टी होती. मी दारात गहू निवडत बसले होते. मावशी आत गेल्या आणि लगेच त्यांचा आवाज आला.

"आज तेल न्हाई. अंग तव्यासारखं झालंय पोरीचं."

"दूध उतरताना अंग गरम होतंच," काकू म्हणाल्या.

"दुधाचा ताप मला म्हाईत हाय, काकू. ह्यो त्यो न्हाई. अंगावरचं जातंय त्याला वास येतोय. काल तुमाला बोलले, परवा बोलले. डाक्टरीन बोलवा."

"बारशाच्या आत परकं माणूस खोलीत नको."

मग बैठकीतून अण्णांचा आवाज आला. शांत, सहीशिक्क्याचा आवाज. "शनिवारी तो येईल. मग ठरवू."

ती मंगळवारची सकाळ होती.

मावशी तरातरा माझ्याकडे आल्या. त्या दिवशी त्यांनी मला हात लावला नाही. "मास्तरीनबाई, तुमी जावा. माझं कोन ऐकतंय? शनवारपातूर ती पोर राहत न्हाई."

मी चप्पल घातली आणि निघाले. डॉक्टरीणबाईंचा दवाखाना बाजारात होता. कंपाउंडर म्हणाला, बाई नगरला गेल्यात, संध्याकाळी येतील. मी चिठ्ठी लिहून ठेवली आणि त्याला बजावलं, की आल्या आल्या पाठव, जेवायलासुद्धा बसू देऊ नकोस.

परत आले तेव्हा सूर्य डोक्यावर होता. अण्णांच्या अंगणात शेगडी पालथी पडली होती, निखारे मातीत विझत होते. खिडकीवरचं घोंगडं गेलं होतं. मावशींनी त्या पोरीच्या कानांना बांधलेलं फडकं सोडून टाकलं होतं. काकू बाळाला घेऊन स्वयंपाकघरात कडेला उभ्या होत्या, काय करावं ते न कळून. पोर खाटेवर डोळे अर्धवट उघडे ठेवून पडली होती. तिचे ओठ सुकून पांढरे झाले होते.

मावशी बैठकीत गेल्या. मी त्यांच्या मागे दारापर्यंत. अण्णा मोटरच्या पाठीवर हात ठेवून उभे होते, दुसऱ्या हातात वर्तमानपत्राची घडी.

"अण्णा, पंखा द्या."

"आत्ताच बंद केलाय. तापलीय."

"कोन?"

"मोटर. हात लावून बघा पाहिजे तर."

मावशींनी हात लावला. पालथा. आणि तसाच ठेवून बोलल्या. आवाज चढवला नव्हता, म्हणूनच मला तो अजून ऐकू येतो.

"हिला सकाळधरनं किती येळा हात लावलात, अण्णा? आमच्या घोडेगावच्या बाजारात म्हैस घेताना मानूस आधी तिचा कान धरून बघतो, ताप हाय का. जनावर हाय तरी बघतो. तुमच्या घरात ही पोर बाळंत झाल्यापासनं तिच्या कपाळाला कुनी हात लावला? तुमी न्हाई. काकूंनी न्हाई. चला, आत्ता लावा. मोटरची परीक्षा हाय ना तुमाला? चला आत."

अण्णा जागचे हलले नाहीत. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषाने जायचं नसतं, असं काहीतरी पुटपुटले. मावशी पंखा उचलायला वाकल्या तेव्हा मात्र त्यांना स्पष्ट शब्द सुचले.

"जळली म्हणजे?"

"जळू द्या. मोटर बाजारात भरून मिळती."

एवढा जड पंखा त्यांनी कडेवर मूल घ्यावं तसा उचलला. वायर मागून फरफटत गेली. आतल्या खोलीत मी पिन लावली, आणि ज्या बाईने माझ्या पंख्याचं तोंड भिंतीकडे फिरवलं होतं, तिने स्वतःच्या हाताने या पंख्याचं तोंड बाळंतिणीकडे केलं.

"मावशी, वारं?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"शिरू द्या. आत आग लागलीय. ती आधी भाईर काढू. वाऱ्याचं मागनं बघू."

माझ्या घरचा पाण्याचा हंडा मी आणला. टँकर दुसऱ्या दिवशी येणार होता, पण त्या क्षणी ते कोणाच्या मनातही आलं नाही. धुतलेल्या धोतराच्या पट्ट्या भिजवून मावशी तिच्या कपाळावर, काखेत, पायांवर ठेवत राहिल्या आणि पंख्याचा वारा त्यांवरून वाहत राहिला. पंखा दमदार नव्हता. पाती जडपणे फिरत होती, आतून घरघर येत होती. मावशी मधूनच त्याच्याकडे मान वळवून म्हणायच्या, "चल गं बाई. आजचा दिवस चल." आणि पालथा हात पोरीच्या गळ्याला. मग पुन्हा पट्टी.

अण्णा दोनदा दारापर्यंत आले. दोन्ही वेळा त्यांनी पंख्याकडे पाहिलं.

दिवेलागणीला डॉक्टरीणबाई आल्या. तपासलं, हात धुतले आणि काकूंना म्हणाल्या, "आत विष पसरलंय. उद्यापर्यंत थांबला असतात तर मला बोलावण्याचं कारणच उरलं नसतं." स्वतःच्या गाडीत घालून तिला नगरच्या इस्पितळात न्यायचं ठरवलं. मी आणि मावशींनी तिला दोन्हीकडून धरून बाहेर आणलं. मागच्या सीटवर मावशींच्या मांडीवर तिचं डोकं. गाडी सुरू झाली, तेवढ्यात अण्णा घाईघाईने पायरी उतरून आले. मला वाटलं, सुनेला काही सांगायला आले असतील. काळजी घे, आम्ही मागून येतो, असं काहीतरी. सासरा आहे, शेवटी माणूस आहे.

ते खिडकीशी वाकले आणि मावशींना म्हणाले, "मोटर जळली."

मुलांनो, मी आयुष्यात पुष्कळ वाक्यं ऐकली. काही जाणीवपूर्वक दुष्टपणाचीही ऐकली. पण या दोन शब्दांइतका संताप मला कुठल्याही वाक्याने दिलेला नाही. त्यांच्या आवाजात दुष्टपणा नव्हता. खरं दुःख होतं.

पोर वाचली. बरेच दिवस इस्पितळात होती, केस गळले, पण उठली. तिचा नवरा शनिवारी आला तो सरळ तिकडेच गेला.

पंखा बाजारातल्या, मोटर भरून देणाऱ्या वायंडिंगवाल्याकडे गेला. तुमचे आजोबा तेव्हा आमची इस्त्री घेऊन तिथे गेले होते, त्यांच्यासमोरच त्याने तो उघडला. म्हणाला, "घेतल्यापासून यात तेलाचा थेंब घातलेला नाही. बुश, म्हणजे दांडा जिच्यात फिरतो ती कडी, सुकून जाम झालीय. पाती फिरायला अडली, की वायंडिंगवर, आतल्या तारेवर, जोर येतो आणि ते जळतं. पंख्याची मोटर दिवसभर चालायलाच केलेली असते, साहेब. विसावा कशाला द्यायचा? तेल द्या." आजोबांनी घरी येऊन हे जसंच्या तसं सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते अण्णांनाही सांगितलं. अण्णा म्हणाले, "त्या बाईने दिवसभर दामटली, म्हणून जळली." आणि विषय संपवला.

संपवला म्हणजे आमच्यापुरता. गावात तो पुढे चालूच राहिला. मोटर भरून आली, पंखा पुन्हा आरामखुर्चीसमोर बसला, पहिल्यापेक्षा चांगला फिरू लागला. तरी काकू जिथे जातील तिथे सांगत होत्या, "तिच्या हाताला आता गुण राहिला नाही. आमच्या घरात पाऊल टाकलं आणि काय काय झालं बघा." सुनेचा ताप आणि पंख्याची मोटर त्यांनी एकाच गाठोड्यात बांधली आणि ते मावशींच्या डोक्यावर ठेवलं.

एका हळदीकुंकवाला हे माझ्यासमोर निघालं. मी हातातली वाटी खाली ठेवली आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. ताप कोणी ओळखला, डॉक्टर कोणी बोलवायला लावली, तेल कोणी घातलं नव्हतं. बायका शांतपणे ऐकत होत्या. शेवटी एकजण म्हणाली, "तुम्ही शिकलेल्या, तुम्हाला हे पटायचं नाही. पण विषाची परीक्षा कोण घेतं? बाळंतिणीचं घर असतं."

म्हणजे विष पसरलेल्या बाळंतिणीला जिने वाचवलं, तिच्यापासून बाळंतिणींना जपायचं. आजही हे लिहिताना माझं अक्षर बिघडतं आहे.

एकेक घर सुटत गेलं. मावशींनी कोणाकडे जाऊन खुलासा केला नाही. एकदा मी चिडून म्हटलं, "तुम्ही का बोलत नाही? एरवी तर पोस्टमनलाही सोडत नाही."

"कुनाला बोलू? त्या पोरीला माघारी त्याच घरात राहायचंय. मी त्वांड उघडलं की तिला आत बोलनी."

मग त्या हसल्या. "अण्णांस्नी सांगितलं हुतं, तेल लावून देते म्हनून. ऐकलं न्हाई."

पुढच्या वर्षी पावसानंतर त्यांनी खोली सोडली. घोडेगावकडे लेकीकडे जायचं ठरवलं. सकाळी निरोप घ्यायला आल्या. हातात एक बोचकं, डोक्यावर पदर. माझ्या कपाळाला हात लावला, तुमच्या आईच्या दोन्ही गालांना लावला. "बरं हाय. जाते."

आम्ही दारात उभ्या होतो. पलीकडच्या बैठकीत अण्णा आरामखुर्चीत होते, पंखा चालू होता. दार उघडंच होतं, त्यामुळे सगळं दिसत होतं. आतून ती पोर बाहेर आली. मूल कडेवर. मावशींना पाहून ती पायरी उतरली, सासऱ्यांच्या डोळ्यांदेखत अंगण ओलांडून आमच्या दारात आली आणि तिने मावशींचा हात धरला. तो पालथा करून आधी मुलाच्या कपाळाला लावला. मग स्वतःच्या गळ्याला.

"बघा, मावशी."

"गार हाय," मावशी म्हणाल्या. हात त्यांनी लगेच काढला नाही.

बैठकीतून आवाज आला, "सूनबाई, पंखा बंद करा. तापला असेल."

तिने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. "तापू दे, अण्णा," ती म्हणाली. तिचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा नीट ऐकला. चांगला खणखणीत होता. मावशी कोपऱ्यावरून वळून दिसेनाशा होईपर्यंत ती तिथेच उभी राहिली, आणि पंखा चालत राहिला. त्याला काहीही झालं नाही.

मावशी पुन्हा भिंगारला आल्या नाहीत. त्या गेल्याचं मला फार उशिरा, एस.टी.मध्ये भेटलेल्या घोडेगावच्या एका बाईकडून कळलं. नेमकं काय झालं होतं, ते तिलाही ठाऊक नव्हतं. अंगात बरेच दिवस ताप होता म्हणे. त्यांच्या कपाळाला कोणी हात लावला होता का, हे मी तिला विचारलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही.

तुमचा नवा पंखा चांगला आहे. मोटर तापत नाही म्हणता, तेही चांगलं आहे. पण तुम्ही फोनवर सहज म्हणता ना, "आजी, आज जरा अंग गरम वाटतंय, विशेष काही नाही," तेव्हा इकडे माझा हात आपोआप उचलला जातो आणि पालथा होतो. समोर काही नसतं. तरी थोडा वेळ मी तो तसाच धरून ठेवते.